काचेमागचा फेटिया

आमच्या तांड्यावरचं संग्रहालय आता बघण्यासारखं झालंय, असं येणारे-जाणारे सांगतात. खाली गुळगुळीत फरशी बसली आहे, वर पंखे फिरतात, दारात चपला ठेवायला फळी आहे. बाळापूरहून, कळमनुरीहून शाळांच्या सहली येतात. मुलं रांगेनं आत जातात, बैलाच्या पाठीवर टाकायची जोडगोण, मिठाचं माप, पुढच्या बैलाच्या गळ्यातली घंटा बघतात आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडतात. आमचे वाडवडील राजस्थानाकडून निघाले, बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडले आणि पुढं रेल्वे आली, सडका झाल्या, तेव्हा धंदा बसला म्हणून ह्या माळावर उतरून शेती करू लागले, ही हकिकत भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहे. हकिकत खरी आहे. ती लिहिली माझ्या बापानं. गाव त्याला गुरुजी म्हणायचं, आम्ही बा म्हणायचो. हे संग्रहालय त्यानंच उभं केलं. मी मात्र त्या खोलीत आयुष्यात एकदाच पाऊल ठेवलं. तेव्हा मी सातवीत होते.

आमचं घर तांड्याच्या वरच्या अंगाला होतं, मातीच्या भिंतींचं, वर पत्रे टाकलेलं. पुढं अंगणात चूल, चुलीजवळ पाटा-वरवंटा, आणि बाभळीला बांधलेली एक तांबडी गाय. आईला आम्ही याडी म्हणतो. माझी याडी धानीबाई पुसदकडच्या तांड्यावरून लग्न होऊन इथं आली होती. तिच्या अंगावर बारा महिने फेटिया असायचा, म्हणजे आमच्याकडचा घेरदार घागरा, वर आरशांची कांचळी म्हणजे चोळी आणि डोक्यावरून कवड्या लावलेली ओढणी. दोन्ही कानशिलांजवळ केसांत चांदीची घुगरी-टोपली बांधलेली असायची. गावातली पोरं ह्या नावावरून आम्हाला हसायची, म्हणायची, लमाणाच्या बाया केसांत घुगऱ्या बांधतात. पण आमच्यात ते हसण्यावारी नेण्याचं लेणं नव्हे. लग्नात ते बांधतात आणि नवरा असेतो सोडत नाहीत. तुमच्यात कुंकवाचं जे, तेच आमच्यात घुगरीचं.

त्या घुगरीला बारीक घुंगरं होती. याडी वाकली की ती किणकिणायची, दळायला बसली की एका लयीत वाजायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला कळायचं की याडी गाईजवळ आहे का चुलीजवळ. शेतातून ती डोक्यावर भारा घेऊन यायची तेव्हा वाटेच्या वळणावरच तिचा आवाज यायचा, आणि माझा धाकटा भाऊ मोहन चुलीतली राख पुढं ओढून विस्तव उकरायला धावायचा. ती ज्वारीची भाकर थापायची, तिला आम्ही बाटी म्हणतो. थाळ्याएवढी आणि जाडसर, वर ओल्या बोटांचे ठसे. आंबाडीची भाजी, पाट्यावरचा लाल मिरचीचा ठेचा, सणावाराला गुळाची लापशी. बाटी भाजता भाजता ती गाणं म्हणायची, आणि गाणं अर्ध्यात सोडून एकदम गाईला शिव्या द्यायची, आणि परत तिथूनच गाणं उचलायची. आज माझ्या नांदेडच्या घरात गॅसवर मी भाकरी करते तेव्हा गाण्यांचे शब्द आठवतात, शिव्या जास्त आठवतात.

बा खालच्या गावच्या शाळेत मास्तर होता, तांड्यावरचा पहिला शिकलेला माणूस. पांढरा सदरा, खिशाला पेन. घरात मराठीच बोलायचं असा त्याचा दंडक होता. आमच्या तोंडून गोरमाटी, म्हणजे आमच्या बोलीतला शब्द निघाला की तो पाटीवर मराठी शब्द दहा वेळा लिहायला लावायचा. त्याचा हेतू वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही. शाळेत आमच्या बोलीला हसत होते, ते त्यानं सोसलं होतं, आणि लेकरांनी सोसू नये एवढंच त्याला वाटायचं. याडीला मात्र हा दंडक लागू नव्हता. बाजारात सीताफळं आणि डिंक विकण्यापुरतं मराठी तिला येत होतं, घरात ती आपल्याच बोलीत बोलायची आणि बा तिला आपल्याच बोलीत उत्तर द्यायचा. त्या दोघांचं तेवढं एक वेगळं घर होतं म्हणा. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून ती त्याला 'लछीरो बा' अशी हाक मारायची. लछी म्हणजे मी. शाळेच्या हजेरीत लक्ष्मी.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला एकदा आम्ही सगळे गेलो होतो. बानं याडीला मागच्या ओळीत, खांबाआड बसायला सांगितलं. पुढं उन्हाची तिरीप येते, म्हणाला. कार्यक्रम संध्याकाळचा होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

संग्रहालयाची कल्पना त्याच्या डोक्यात कशी आली ते मला नक्की ठाऊक आहे, कारण मी तिथंच होते. गावातल्या कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली. नेहमीप्रमाणे पोलीस आधी तांड्यावर आले. घराघरातली मडकी पालथी केली, ज्वारीच्या कणगीत काठ्या खुपसल्या आणि सगळ्या बाप्यांना नाईकाच्या ओट्यापुढं उकिडवं बसवलं. बा शाळेतून नुकताच आला होता, त्यालाही बसवलं. पांढऱ्या सदऱ्यात, पेनासकट. देवला नाईक, म्हणजे आमच्या तांड्याचे प्रमुख, हात जोडून सांगत राहिले की हे मास्तर आहेत. मोटर पुढं गावातच सापडली, मालकाच्या चुलतभावाकडं. पण त्या रात्री बा जेवला नाही. याडीला म्हणाला, ह्या लोकांना आपण कोण ते माहीतच नाही. आपण मीठ आणलं म्हणून ह्यांच्या आज्यापणज्यानं मीठ खाल्लं. हे कुणीतरी दाखवायला पाहिजे.

ग्रामसेवकासाठी बांधलेली एक खोली तांड्याच्या तोंडाशी रिकामी पडली होती. ती त्यानं खटपट करून मिळवली आणि वस्तू गोळा करायला लागला. रविवारी सायकल काढायचा, या तांड्यावरून त्या तांड्यावर जायचा. देवला नाईकांनी पहिली वस्तू दिली, बैलाची घंटा. मग गोणी आल्या, सुया आल्या, हुक्के आले, डाव्या हाताला घालायचं एक जड कडं आलं. आमच्या घरात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नव्हती. बा रात्री कंदील लावून एकेक वस्तू चिंचेच्या पाण्यानं घासायचा आणि मला तिची गोष्ट सांगायचा. माझा बाप मला कधी इतका आवडला असेल तर त्या दिवसांत.

बायकांचे कपडे मात्र कुणी देईना. म्हाताऱ्या म्हणायच्या, आमी मेल्यावर आमच्यासंगं जाळायचं ते. तरण्या म्हणायच्या, मग आमी काय घालावं? बा प्रत्येक वेळी रिकाम्या हातानं परतायचा. एकदा बाटी वाढता वाढता याडीनं त्याला सरळच विचारलं की तुझी नजर माझ्या पेटीवर तर नाही ना. तिच्या पेटीत तिच्या याडीनं लग्नासाठी भरलेला फेटिया-कांचळीचा जोड होता, तो ती सणाला काढायची, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवायची. बा हसला. आपल्या बोलीत म्हणाला, तुझ्या अंगावरचं काढून मी भिंतीला लावीन होय? याडीही हसली. मी आणि मोहनही हसलो.

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून वस्तूंखाली लावायच्या पाट्या लिहायचं काम बानं मला दिलं. पांढरा पुठ्ठा, काळी शाई, बोरू. तो सांगायचा, मी लिहायची. एका संध्याकाळी त्यानं सांगितलं, लिही, 'पूर्वीच्या काळी लमाण स्त्रिया वापरत असलेला पोशाख व सौभाग्यालंकार.' मी विचारलं, मिळाला का पोशाख? तो म्हणाला, पुसदकडं एक म्हातारी आहे, तिनं कबूल केलाय, येईल दोन-चार दिवसांत. मला फार आनंद झाला. ती पाटी मी दोनदा लिहिली, पहिलीत 'सौभाग्या'चा काना थोडा तिरका आला होता म्हणून.

उद्घाटनाला परभणीहून एक मोठे पुढारी येणार असं ठरलं. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. तांड्यावर सारवणं सुरू झाली. बायकांनी पाहुण्यांपुढं गाणी म्हणायची होती, आणि याडीचा आवाज सगळ्यांत मोकळा, म्हणून ती सगळ्यांत पुढं असणार होती. बा म्हणाला, पेटीतला जोड दे, कळमनुरीला इस्त्री करून आणतो, घड्यांनी पार चुरगाळलाय. तिनं दिला. मग म्हणाला, घुगरी-टोपली काळी पडलीय, सोनाराकडून उजळून आणतो. तिचा हात कानशिलाकडं गेला. लग्नापासून ती केसांतून सुटली नव्हती. न्हाताना, बाळंतपणात, तापात, कधीच नाही. सोनकी काकी, म्हणजे आमच्या शेजारची, कुळातलीच, तिला म्हणाली की असं सोडू नये. बा म्हणाला, उद्या संध्याकाळच्या आत परत आणतो, तोवर काळा दोरा बांध. बाच्या तोंडून निघालेल्या शब्दावर तिनं कधी संशय घेतलेला मला आठवत नाही. उंबऱ्यात बसून तिनं ती सोडली, ओढणीच्या टोकात बांधून त्याच्या हातात दिली आणि दोन्ही कानशिलांना काळा दोरा गुंडाळला. ती उठली तेव्हा आवाज झाला नाही. मोहन तिच्याकडं बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बा आला तो फिकट निळं नायलॉनचं पातळ घेऊन. सोनाराकडं गर्दी होती, म्हणाला, आणि इस्त्रीवालाही उद्या देतो म्हणाला. कार्यक्रमाच्या सकाळीही तेच. आजच्या दिवस हे पातळ नेस, सगळं आलं की घालशीलच. याडीनं कधी पातळ नेसलं नव्हतं. रोजचा फेटिया घालते म्हणाली, तर तो म्हणाला, एवढे मोठे लोक येणार, फाटका कसा घालतेस. शेवटी सोनकी काकीच्या सुनेनं तिला नेसवलं. ती वारंवार निऱ्या चाचपत होती. चालताना पाय कुठं टाकावा तेच तिला कळत नव्हतं.

खोलीपुढं मांडव घातला होता. खालच्या गावचे पाटील, सरपंच, शाळेतले सगळे मास्तर आले होते. ज्या जमादारानं बाला उकिडवं बसवलं होतं तोही बंदोबस्ताला होता. बाचं भाषण झालं. मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, तसं ऐकलं नाही. माणसाला भूक लागेपर्यंत धान्याची किंमत कळत नाही आणि धान्य आणणाऱ्याचं तोंड तर कधीच आठवत नाही, असं काहीसं तो म्हणाला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जमादारानंही वाजवल्या. याडीला सगळं कळलं नसेल, पण लोक तिच्या नवऱ्याला मान देत आहेत एवढं तिला कळत होतं. पदर सावरत ती बायकांच्या पुढं उभी होती, आणि तिचा चेहरा फुलला होता. तो चेहरा मी नंतर बघितला नाही.

फीत कापली आणि सगळे आत गेले. समोरच्या भिंतीला नवं काचेचं कपाट होतं, त्यावर गुलाबी कापड टाकलेलं. पुढाऱ्यांनी कापड ओढलं. आत लाकडाच्या सांगाड्यावर फेटिया आणि कांचळी चढवली होती. डोक्याच्या जागी मडकं पालथं घातलं होतं, चित्रकलेच्या मास्तरांनी त्याच्यावर काजळानं डोळे आणि ओठ काढले होते. मडक्याच्या दोन्ही बाजूंना सुतळीनं घुगरी-टोपली बांधली होती, उजळलेली, पांढरीशुभ्र. आणि खाली माझ्या अक्षरातली पाटी.

शाळेतलं एक पोरगं म्हणालं, बुजगावणं हाय की. कुणीतरी त्याला गप्प केलं. मी फेटिया ओळखला तो डाव्या बाजूच्या निळ्या ठिगळावरून. एका होळीला ठिणगी उडून भोक पडलं होतं, तिथं याडीनं ते लावलं होतं आणि त्यावर आरसा बसवला होता. मागं वळून बघायचं धाडस होईना. तेवढ्यात याडी गर्दीतून पुढं आली. लोकांनी वाट दिली, कुणाला वाटलं गुरुजींची बायको पाहुण्यांना ओवाळायला आली. ती कपाटाजवळ उभी राहिली. काचेवर हात ठेवला नाही, काही नाही. मला जवळ बोलावलं आणि पाटीकडं बोट केलं. आपल्या बोलीत हळू म्हणाली, तुझं अक्षर आहे, वाच.

मी वाचलं. मराठीत होतं ते मराठीतच वाचलं. माझा आवाज इतका बारीक आला की तिनं परत वाचायला सांगितलं, आणि मी परत वाचलं.

याडी बाच्या दिशेनं वळली. तो पुढाऱ्यांच्या शेजारी उभा होता, गळ्यात हार. ती मराठीत म्हणाली, "पूर्वी म्हंजी कवा, गुरुजी?"

बा हसल्यासारखा झाला. पुढारीही हसले, त्यांना वाटलं बाई चौकस आहेत. ते म्हणाले, "बघा, गुरुजींनी घरच्यांनाही किती तयार केलंय."

"मी परवापतूर घालून राहिले व्हते," याडी म्हणाली. "म्हून इच्यारलं."

मग ती गर्दीतून तशीच बाहेर गेली. बायकांचं गाणं झालं नाही. पुढाऱ्यांना दुसरीकडं जायचं होतं, त्यामुळं कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. मांडवात सगळ्यांना पोहे वाटले.

त्या संध्याकाळी मी बाला शाळेच्या पाठीमागं गाठलं. तो सतरंज्या मोजून घेत होता. मी म्हटलं, बा, तुम्ही म्हणाला होता पुसदच्या म्हातारीचा आहे. तो सतरंजीची घडी करत राहिला. मग म्हणाला, "अगं, कुणाचा तरी असायलाच पाहिजे होता ना. रिकामं कपाट दाखवलं असतं तर एवढं सगळं फुकट गेलं असतं." मी तिथून आले. त्याच्या हाताखाली मी पुन्हा कधी पाटी लिहिली नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. आज त्याच्या तेव्हाच्या वयाची झाल्यावर मला त्याची अडचण समजते. सगळा मांडव घातलेला, पाहुणे निघालेले, बायका ऐकत नाहीत. पण माणसाची अडचण समजली म्हणून त्यानं केलेली फसवणूक कमी होत नाही, हेही मला ह्याच वयात समजलं. आणि आणखी एक गोष्ट, जी तेव्हा नुसती टोचत होती. जो पोशाख अंगावर असताना त्यानं बायकोला खांबाआड बसवलं, तोच त्यानं मडक्यावर चढवून सगळ्यांत पुढं उभा केला.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. याडीनं पातळ सोडून त्याची घडी घातली, रोजचा जुना फेटिया घातला, चूल पेटवली. बा आला, पाय धुऊन बसला आणि आपल्या बोलीत म्हणाला, आठ दिवसांत आणून देतो, तोवर लोकांचं येणं-जाणं राहील. ती बाटी भाजत होती. तिनं थाळा पुढं सरकवला आणि म्हणाली, "जेवा, गुरुजी." मराठीत. मोहन फिस्सकन हसला, त्याला ती गंमत वाटली.

ती गंमत नव्हती. आमच्यात आपल्या माणसाला गोर म्हणतात आणि परक्याला कोर. कोराशी मराठीत बोलायचं, अदबीनं बोलायचं, कामापुरतं बोलायचं. याडी त्या दिवसापासून बाशी तसं बोलायला लागली. सोनकी काकीशी, आमच्याशी, गाईशी ती आपल्या बोलीत बोलायची. बा घरात आला की बाजारातलं मराठी काढायची. पाणी तापलंय, गुरुजी. पोराला ताप हाय, गुरुजी. आधी तो रागावला. मग समजूत घालू लागला. ज्या माणसानं आमच्या तोंडातली गोरमाटी पाटीवर लिहून लिहून पुसली, तो बायकोशी गोरमाटीत बोलत बसायचा, जुन्या गोष्टी काढायचा, तिच्या माहेरच्या तांड्याची नावं घ्यायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बराबर हाय, गुरुजी."

आठ दिवसांचे महिने झाले. एवढ्या मोठ्या माणसाच्या हस्ते उघडलेलं कपाट रिकामं कसं करायचं, असं बा म्हणायचा. शेवटी तांड्याची पंचायत बसली, तिला आम्ही नसाब म्हणतो. देवला नाईक बाला म्हणाले, "मास्तर, नवरा जित्ता असताना बाईच्या कानशिलाला घुगरी न्हाई, ह्ये काहून चालवून घ्यावं आमी? परत दे." बानं मान खाली घालून सांगितलं की नवी करून देतो. आणि खरंच हिंगोलीहून नवी घडवून आणली, जुनीपेक्षा जड. याडीनं ती हातात घेतली, फिरवून बघितली. चांगली आहे म्हणाली. लग्नात तिच्या सासूनं आणि आमच्या कुळातल्या बायांनी गाणी म्हणत जी बांधली होती, तिची गोष्ट वेगळी. बाजारातून आणलेली कुणी बांधायची आणि कोणतं गाणं म्हणून बांधायची, असं तिनं सोनकी काकीला विचारलं. ती घुगरी कोनाड्यात राहिली आणि पुढं मोहनच्या बायकोला गेली.

कपाटातली परत मागायला याडी कधी गेली नाही. लग्नघरी ती जाईनाशी झाली, कारण बोडक्या कानशिलानं सवाष्णींत कसं बसायचं. तीजेच्या सणाला पोरी उगवलेल्या गव्हाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचायच्या तेव्हा ती आमच्या ओट्यावरून बघायची. एरवी कामात कसूर नाही. बाचा सदरा ती तसाच पांढरा धुवायची. मला वाटायचं, एखाद्या दिवशी हे संपेल. संग्रहालयाचं नाव होत गेलं, पेपरात छापून आलं, बाला पुरस्कार मिळाला, नारळ आणि शाल घेऊन तो घरी आला. याडीनं शाल झटकून घडी घातली आणि म्हणाली, "लई चांगलं झालं, गुरुजी." मी दहावी झाल्याबरोबर नर्सिंगला नांदेडला गेले. अभ्यासाची हौस होती, पण त्या घरात दोन भाषांच्या मधे बसून जेवायचा मला कंटाळा आला होता, हेही खरं. सुट्टीत आले तरी वाटेच्या वळणावर मी उगाच थांबायची. भारा घेऊन याडी यायची, अगदी जवळ आली की मगच कळायचं.

बा गेला तो म्हातारा होऊन, छातीच्या दुखण्यानं. शेवटचा महिनाभर मी रजा घेऊन त्याच्याजवळ होते. याडी त्याला उठवायची, बसवायची, तोंडात चमच्यानं पेज घालायची. एकदा तो तिला म्हणाला, एकदा तरी आपल्या बोलीत हाक मार. मी उशाशी होते. तिनं त्याची हनुवटी पुसली. "इसावा घ्या, गुरुजी," ती म्हणाली.

तो गेला त्या दिवशी माणसं फार आली. खालचं गाव आलं, कळमनुरीहून, वसमतहून लोक आले, संग्रहालयाला कुलूप लावून तिथली पोरं आली. बाहेर भाषणं चालली होती. आत बायकांनी याडीला बाजूला बसवलं. विधवेचं लेणं उतरवायची आमची रीत आहे, ते काम कुळातल्या थोरल्या बाईनं करायचं असतं. सोनकी काकी आता कमरेत वाकली होती, डोळ्यांनी तिला कमी दिसायचं. तिनं चाचपत चाचपत याडीच्या दंडावरचा चुडा उतरवला. मग रीतीप्रमाणे तिनं दोन्ही हात वर नेले, याडीच्या कानशिलांवर ठेवले आणि केसांतून बोटं फिरवायला लागली. एकदा फिरवली, परत फिरवली. बाया रडायच्या थांबल्या. काकीच्या ध्यानात आलं तेव्हा तिचे हात तसेच याडीच्या डोक्यावर राहिले.

याडी म्हणाली, "राहू दे, काकी. ते गुरुजींनी कवाच उतरवलंय."

हेही ती मराठीत म्हणाली. मग उठली, बाच्या उशाशी जाऊन बसली, आणि ओढणी तोंडावर घेऊन रडायला लागली. आमच्यात रडताना गेलेल्या माणसाशी बोलतात. ती आपल्या बोलीत बोलत होती. लछीरो बा, म्हणत होती, गाय व्यायला झालीय, पत्र्याला भोक पडलंय, तुझा सदरा दोरीवर वाळत आहे. कितीतरी वेळ ती त्याला घरातलं एकेक सांगत राहिली. बाहेरच्या माणसांनी तिरडी तयार असल्याचं दोनदा सांगून पाठवलं. मी दारात उभी राहिले आणि कुणाला आत येऊ दिलं नाही.